हातचा

पाच, दहा, पंधरा, वीस.
निळ्या ताटलीत चपट्या पातीनं गोळ्या सरकवत
मी एक्केचाळीस वर्षं असाच मोजत आलोय.
मारिसेला तीन-तीननं मोजते.
इंग्रजी तीन, संख्याशास्त्र तीन, मानसशास्त्र तीन,
रसायनाचे मात्र चार, त्यात प्रयोगशाळा आली.
खोकल्याच्या औषधांच्या रॅकमागे,
पावतीच्या पाठीवर तिची बेरीज चालते
आणि इकडे माझी चुकते.
"मिस्टर हासे, एकोणतीस झाले!"
मला वाटतं, गोळ्याच म्हणतेय.
मी पुन्हा पहिल्यापासून.

नेब्रास्काच्या या कोपऱ्यात
पुढचं औषधाचं दुकान बावन्न मैलांवर.
हिच्या वर्गात चौदा मुलं.
सकाळी सातला, जिमशेजारच्या अडगळीच्या खोलीत
पडद्यावर कॉलेजचा प्राध्यापक उगवतो;
बर्फ पडलं की तो मधेच गोठतो, तोंड उघडं ठेवून,
आणि ही त्याच्या ओठांवरून अर्धं वाक्य पुरं करते.
शनिवारी प्रयोगशाळा, शहरात.
तिची आई युलालिया मांसाच्या कारखान्यातून
रात्रपाळी करून येते, पिकअप बंद न करताच उतरते,
सीट अजून ऊबदार असते,
ही चढते.

दोन वर्षं कॉलेजची, मग चार फार्मसीची.
त्यातली पहिली दोन
शाळा सुटायच्या आतच फेडून टाकायची, असा हिचा बेत.
मी काही बोललो नाही.
पण मलाही मोजता येतं.
आज मी एक्काहत्तर. चार वर्षांनी पंचाहत्तर.
पंचाहत्तरपर्यंत बोटं थरथरत नाहीत, निदान फार नाही.
मोठ्या कंपनीचा करार खणात पडून आहे:
दुकान नको त्यांना, फक्त माझी गिऱ्हाइकं हवीत.
लव्हर्नला ॲरिझोना हवंय, तिच्या गुडघ्यांना तर नक्कीच.

मार्चमध्ये पत्र आलं.
शरीररचनेचे चार धरता येणार नाहीत,
प्रयोगशाळा पडद्यावरच झाली म्हणून.
ऑरगॅनिक तर आमच्याकडे शिकवतच नाहीत;
ते तिकडेच, आणि त्याला अख्खं वर्ष.
ती रडली नाही. आडनावांच्या अक्षरांप्रमाणे
पुड्या लावत राहिली, ओ नंतर एम लावला,
तिचं स्वतःचंच आडनाव ओंटिव्हेरोस, तरी.

मग विचारलं, "तुम्ही किती वर्षांत केलंत?"
सात, मी म्हणालो.
एक वर्ष उगाच गेलं:
नृत्याच्या बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवत हिंडलो,
एका थंड गॅरेजमध्ये झोपायचो,
ओमाहात एक मुलगी होती, तिला लिंबाचं सरबत आवडायचं.
त्या वर्षाचं एकही क्रेडिट मिळालं नाही.
"मग?" ती म्हणाली.
मग काय, सांगणार होतो,
की बाकी सहा वर्षांतलं मला फारसं काही—
पण फोन वाजला. बोल्केन बाईंचं इन्शुलिन
वादळात अडकलं होतं, तासभर त्यातच गेला,
आणि ती घरी गेली.

पावती काउंटरवरच राहिली.
तिच्या आकड्यांत एक चूक होती, मी दुरुस्त केली नाही.
लहानपणी कोल्टरमन बाई फळ्याशी उभ्या राहून
खडू आपटायच्या: हातचा विसरू नका!
ज्याला खाली जागा नाही
तो शेजारच्या रकान्याच्या डोक्यावर, बारीक लिहायचा,
आणि पुढे धरायचा.

रात्री परवान्याच्या नूतनीकरणाचा अर्ज भरला.
कराराचा खण उघडला नाही.
लव्हर्नला उद्या सांगेन, किंवा परवा.
मग तिच्याच पावतीच्या कोपऱ्यात माझी बेरीज मांडली,
एक्काहत्तर अधिक चार,
आणि पंचाहत्तरच्या डोक्यावर
पेन्सिलीनं, बारीक,
एक.